ऑटोकॅड आणि रेव्हिटमधले दुर्लक्षित पर्याय: मंजुरीचे मीटर आणि गवंड्याचे फूट-इंच

जोते, लातूर

नमस्कार. मी लातूरमधल्या एका छोट्या वास्तुविशारद कार्यालयात अकरा वर्षांपासून ऑटोकॅडवर नकाशे काढतो. आमच्याकडे मुख्यतः राहती घरे, दुकानांचे गाळे आणि अधूनमधून एखादे मंगल कार्यालय असे काम असते. यंदा आमच्या साहेबांनी रेव्हिट हे इमारतीचे त्रिमितीय प्रारूप करणारे सॉफ्टवेअरही घेतले आहे आणि ते शिकण्याची जबाबदारी माझ्याकडे आली आहे.

गेल्या आठवड्यात कार्यालयात नव्याने रुजू झालेल्या मुलीने दोन रेषांचा कोपरा जुळवताना फिलेटची (दिलेल्या त्रिज्येने कोपरा गोल करणारी) आज्ञा दिली, पहिली रेषा निवडली, शिफ्ट दाबून धरली आणि दुसरी रेषा निवडली. आधी त्रिज्या काहीही ठेवलेली असली तरी कोपरा गोल न होता टोकदार जुळला. मी इतकी वर्षे प्रत्येक वेळी त्रिज्येचा पर्याय उघडून शून्य टाकत आलो आहे. हे पाहिल्यापासून मनात सारखे येते की रोजच्या वापरातल्या आज्ञांमध्ये असे आणखी काय काय असेल, जे मला कोणी दाखवले नाही आणि मीही कधी शोधले नाही.

माझी खरी अडचण मात्र मापांची आहे. मंजुरीचा नकाशा मीटरमध्ये द्यावा लागतो आणि साइटवर गवंडी, सेंट्रिंगवाले, फरशीवाले सगळे फूट-इंचांत बोलतात. त्यामुळे आम्ही एकाच घराच्या दोन फाइली ठेवतो. मागच्या वर्षी एका घराच्या नकाशात मंजुरीच्या फेरीत न्हाणीघराची रुंदी १.२० मीटरवरून १.३५ मीटर केली, परंतु फूट-इंचांच्या फाइलीत जुने ३ फूट ११ इंच तसेच राहिले. गवंड्याने हातातल्या कागदाप्रमाणे साडेचार इंची भिंत उचलली आणि चार थर झाल्यावर मालकाच्या लक्षात आले. भिंत पाडावी लागली. चूक आमच्या कार्यालयाची होती आणि ती पुन्हा होऊ नये असे मला मनापासून वाटते.

एकाच फाइलीत दोन्ही मापे नीट दाखवण्याची विश्वासार्ह पद्धत कोणती? आणि आपण रोज वापरत असलेले, पण इतरांच्या नजरेतून सुटलेले असे कोणते पर्याय आहेत? ऑटोकॅड आणि रेव्हिट दोन्हींबद्दल सांगावे, ही विनंती.

गोदाकाठ, नांदेड

आपल्या मुख्य अडचणीचे उत्तर ऑटोकॅडच्या डायमेन्शन स्टाइलमध्येच, म्हणजे मापे कशी दिसावीत ते ठरवणाऱ्या मांडणीतच आहे. डायमेन्शन स्टाइल मॅनेजर उघडून आपली स्टाइल 'मॉडिफाय' करायला घ्या आणि 'अल्टरनेट युनिट्स' नावाच्या पानावर जा. बहुतेकांनी हे पान एकदाही उघडलेले नसते. तिथे 'डिस्प्ले अल्टरनेट युनिट्स' या चौकटीवर खूण केली की प्रत्येक मापाच्या पुढे चौकोनी कंसात दुसऱ्या एककातले माप दिसू लागते. युनिट फॉरमॅट 'आर्किटेक्चरल' ठेवा. गुणक मात्र नीट टाका, कारण इथेच गफलत होते. नकाशा मिलिमीटरमध्ये काढला असेल तर गुणक ०.०३९३७ आणि मीटरमध्ये काढला असेल तर ३९.३७ असा हवा. दुसरे माप पहिल्याच्या पुढे हवे की खाली, हेही त्याच पानावर ठरवता येते. मी नेहमी खाली ठेवते, कारण लहान खोल्यांमध्ये मापे एकमेकांवर चढत नाहीत.

मंजुरीसाठी फक्त मीटर हवे असतील तेव्हा हीच खूण काढायची, आणि साइटसाठी प्रिंट काढताना पुन्हा लावायची. त्या स्टाइलमधली सगळी मापे एकदम बदलतात, त्यामुळे दुसरी फाइल ठेवण्याचे कारणच उरत नाही. न्हाणीघर १.३५ मीटर केले की त्याखाली ४ फूट ५ इंच आपोआप येईल.

दोन धोके मात्र आधीच सांगून ठेवते. पहिला धोका मापे पूर्णांकित होण्याचा. अचूकता अर्ध्या इंचापर्यंत ठेवली तर ३ मीटरची खोली ९ फूट १० इंच दिसते. अशा तीन खोल्या सलग असतील तर गवंडी त्यांची बेरीज २९ फूट ६ इंच करतो, पण ९ मीटरच्या एकूण मापाखाली २९ फूट साडेसहा इंच छापलेले असते. हा चार सुतांचा (अर्ध्या इंचाचा) फरक भिंतीला एक वेळ चालतो, कॉलमच्या लाइन-आउटला (जमिनीवर जागा आखण्याला) चालत नाही. म्हणून कॉलमची मापे एकापुढे एक साखळीने देऊ नयेत. डिमबेसलाइन ही आज्ञा वापरून एकाच कोपऱ्यापासून प्रत्येक कॉलमचे एकूण अंतर द्यावे. टेपचे शून्य एकदा त्या कोपऱ्यावर धरले की शेवटच्या कॉलमपर्यंत ते हलवावे लागत नाही, आणि प्रत्येक मापातली चूक पुढच्या मापात मिसळत नाही.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे, आणि तो आपण स्वतःच निर्माण करतो. भिंत सरकवायचा कंटाळा आला की मापावर डबल क्लिक करून आकडा हाताने लिहून टाकायचा, ही सवय आपल्याकडे सर्रास आहे. असे केलेले माप पुढे भिंत कितीही सरकवली तरी बदलत नाही, आणि त्याखालचे फूट-इंचही निघून जाते, कारण ते आता माप राहिलेले नसून नुसते अक्षर झालेले असते. ऑटोकॅडच्या एक्स्प्रेस टूल्स या जादा साधनांमध्ये डिमरीअसोक नावाची आज्ञा आहे. ती देऊन सगळी मापे निवडली की हाताने लिहिलेले आकडे जाऊन खरे माप परत येते. जुन्या फाइलीवर ही आज्ञा एकदा चालवून पाहाच. मापासोबत 'साफ अंतर' असा काही शब्द लिहायचा असेल तर आकडा न पुसता '<>' ही खूण (लेस-दॅन आणि ग्रेटर-दॅन ही दोन चिन्हे एकापुढे एक) ठेवून तिच्या पुढे-मागे मजकूर लिहावा, कारण त्या खुणेच्या जागी खरे माप येत राहते.

आता आपला दुसरा प्रश्न. मला वाटते की आपण सगळे आज्ञा पाठ करतो, पण आज्ञा दिल्यानंतर खाली जी ओळ उमटते ती वाचतच नाही. फिलेटची त्रिज्या शून्य करण्यात आपला जो वेळ गेला, त्याचे कारणही तेच असावे. ऑफसेटचेच, म्हणजे ठरावीक अंतरावर समांतर रेषा काढणाऱ्या आज्ञेचेच, उदाहरण घ्या. भिंतीची मध्यरेषा सेंटरलाइनच्या लेयरवर (नकाशाच्या वेगळ्या थरावर) असते, तिच्यापासून दोन्ही बाजूंना ११५ मिलिमीटर ऑफसेट केले की भिंतीच्या रेषाही सेंटरलाइनच्याच लेयरवर येतात, आणि मग त्या निवडून लेयर बदलायचा. ऑफसेटच्या ओळीत 'लेयर' हा पर्याय स्पष्ट लिहिलेला असतो. तो निवडून 'करंट' म्हटले की नव्या रेषा चालू लेयरवर येतात. एका घराच्या नकाशात हे काम किती वेळा होते, ते आपणच मोजून पाहावे.

तसाच प्रकार छताच्या पंख्याच्या पॉइंटचा. हॉलचा मध्य काढण्यासाठी दोन कर्ण ओढायचे, छेदबिंदूवर खूण ठेवायची आणि कर्ण पुसायचे, हे मी कितीतरी कार्यालयांत पाहिले आहे. पंख्याचा ब्लॉक (तयार चिन्ह) ठेवताना जागा विचारली जाते तेव्हा एम-टू-पी असे टाइप करून (मधला टू हा आकडा २ आहे) हॉलचे समोरासमोरचे दोन कोपरे निवडा. दोघांच्या बरोबर मधोमध बिंदू मिळतो आणि एकही जादा रेषा काढावी लागत नाही.

ट्रिम (रेषा छाटणे) चालू असताना शिफ्ट दाबली की ती एक्स्टेंड (रेषा वाढवणे) होते आणि एक्स्टेंडमध्ये शिफ्ट दाबली की ट्रिम. एवढे लक्षात ठेवले तर दोनपैकी एकच आज्ञा हाताशी पुरते.

ओळंबा, छत्रपती संभाजीनगर

गोदाकाठ ताईंनी मापांबद्दल जे लिहिले आहे त्याला माझा पूर्ण दुजोरा आहे. मी रेव्हिटपुरते लिहितो.

रेव्हिटमध्ये खालच्या ओळीऐवजी वर, रिबनच्या (बटणांच्या रुंद पट्ट्याच्या) खाली, एक अरुंद पट्टी असते. तिला ऑप्शन्स बार म्हणतात. आज्ञा बदलली की तीही बदलते, आणि ऑटोकॅडवरून आलेल्या माणसाची नजर तिच्याकडे जातच नाही. भिंतीची आज्ञा घेतल्यावर त्या पट्टीत 'लोकेशन लाइन' नावाचा पर्याय असतो. भिंतीची नेमकी कोणती रेषा आपण ओढत आहोत, मध्यरेषा की आतली बाजू की बाहेरची, हे तो ठरवतो. मी याचे महत्त्व एका जुन्या वाड्याच्या मोजणीत शिकलो, म्हणून ते थोडे सविस्तर सांगतो.

आपल्या भागातले जुने माळवदाचे वाडे आपण सर्वांनी पाहिले आहेत. दगड-मातीच्या दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यांवर मातीचा थर. असा वाडा मोजताना खोलीची आतली मापे मिळतात, पण भिंतीची जाडी फक्त दारा-खिडक्यांच्या जागीच कळते, आणि ती प्रत्येक ठिकाणी थोडी वेगळी निघते. मी आधी सगळ्या भिंती मध्यरेषेवर ६०० मिलिमीटर जाडीने काढल्या होत्या. नंतर एका दाराजवळ जाडी ७२० निघाली. भिंतीचा प्रकार बदलताच ती दोन्ही बाजूंना ६० मिलिमीटर वाढली आणि टेपने मोजलेले खोलीचे आतले माप बिघडले. एका खोलीचे दुरुस्त करावे तर शेजारच्या खोलीचे चुकायचे. लोकेशन लाइन 'फिनिश फेस इंटेरियर' ठेवून त्या भिंती पुन्हा काढल्या तेव्हा जाडी बदलली तरी आतली बाजू जागेवर राहू लागली आणि वाढ बाहेरच्या बाजूला गेली. बाहेरच्या भिंतींना ही पद्धत चोख लागू पडते. दोन खोल्यांमधल्या सामाईक भिंतीला मात्र कोणत्या बाजूचे माप पक्के धरायचे ते आपल्यालाच ठरवावे लागते.

भिंती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने काढत गेल्यास बाहेरची बाजू बाहेरच राहते. उलट झाली तर स्पेसबार दाबला की भिंत पलटते. दार बसवतानाही स्पेसबारने त्याची उघडण्याची बाजू बदलते, त्यासाठी ते छोटे बाण शोधत बसू नये.

जाडीचा एवढा आग्रह मी धरतो त्याला कारण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात माणसे दगावली ती मुख्यतः अशाच जाड दगड-मातीच्या भिंती आणि जड माळवदे कोसळून. अशा घराच्या मजबुतीकरणाचा विचार करणाऱ्या अभियंत्याला भिंतीची खरी जाडी, आतला भराव आणि आरपार गेलेले दगड आहेत की नाहीत, हे नकाशावरून कळायला हवे. सगळीकडे सरसकट ६०० लिहून दिलेला नकाशा त्याच्या काहीच उपयोगाचा नाही.

मापे देण्यासाठी रेव्हिटमध्ये अलाइन्ड डायमेन्शन घेतल्यावर ऑप्शन्स बारमध्ये 'पिक' या शब्दापुढे 'इंडिव्हिज्युअल रेफरन्सेस' असे असते. ते बदलून 'एन्टायर वॉल्स' करा आणि शेजारच्या 'ऑप्शन्स' बटणात ओपनिंग्जवर आणि छेदणाऱ्या भिंतींवर खूण करा. मग एका भिंतीवर एकदा क्लिक केले की तिच्यावरची सगळी दारे, खिडक्या आणि येऊन मिळणाऱ्या भिंती यांची मापांची संपूर्ण साखळी तयार होते. जोते साहेबांना एक गोष्ट विशेष आवडेल. रेव्हिटमध्ये मापाच्या जागी हाताने आकडा लिहू दिला जात नाही. तसा प्रयत्न केला तर आकड्याऐवजी वर्णनात्मक मजकूर लिहा, असा संदेश येतो.

शॉर्टकटबद्दल थोडक्यात सांगतो. रेव्हिटमध्ये बहुतेक शॉर्टकट दोन अक्षरी असतात आणि त्यांच्यानंतर एंटर दाबावे लागत नाही. डब्ल्यू-ए म्हणजे भिंत, ए-एल म्हणजे अलाइन, सी-एस म्हणजे निवडलेल्यासारखीच दुसरी वस्तू. के-एस दाबले की सगळ्या शॉर्टकटची यादी उघडते, ती तिथेच बदलता येते आणि फाइल म्हणून बाहेर काढून दुसऱ्या संगणकावर नेता येते. टॅब ही कळ मात्र या सर्वांहून मोलाची आहे. एका भिंतीवर कर्सर ठेवून टॅब दाबली की तिला जोडलेल्या भिंतींची अख्खी साखळी उजळते आणि एका क्लिकमध्ये निवडली जाते. अलाइन करताना भिंतीचा बाहेरचा चेहरा हवा असून मध्यरेषाच पकडली जात असेल तरीही टॅबनेच पुढचा पर्याय मिळतो.

तंत्रनिकेतन, परभणी

मी विद्यार्थ्यांना ऑटोकॅड शिकवतो. आमच्या मुलांचा पहिला प्रश्न नेहमी असतो की शॉर्टकटची अक्षरे कशी बदलायची. एकेड डॉट पीजीपी या फाइलीत ती बदलता येतात आणि रीइनिट आज्ञेने ऑटोकॅड बंद न करता लागूही होतात. तरीही माझा सल्ला असा की सामाईक संगणकावर हे करू नये. एकाने सी हे अक्षर कॉपीला दिले की दुसऱ्याचे वर्तुळ निघत नाही, आणि तिसऱ्या कार्यालयात नोकरीला गेल्यावर पहिल्याचेही हात अडखळतात. गोदाकाठ यांनी सांगितलेले पर्याय कोणत्याही संगणकावर तसेच मिळतात, म्हणून शिकवताना मी त्यांवरच भर देतो.

मंजुरीच्या नकाशांबद्दल एक भर घालतो. ऑनलाइन छाननीत क्षेत्रफळ मोजले जाते ते बंद पॉलिलाइनवरून, म्हणजे सलग जोडलेल्या एकाच रेषेवरून. डोळ्यांना बंद दिसणारी रेषा प्रत्यक्षात बंद नसते, हे प्रॉपर्टीजमध्ये 'क्लोज्ड' समोर 'नो' दिसल्यावर कळते. प्लॉटची हद्द सुट्या रेषांची असेल तर पीएडिट या पॉलिलाइन सुधारण्याच्या आज्ञेत 'मल्टिपल' पर्याय घेऊन सगळ्या रेषा निवडाव्यात, त्या पॉलिलाइनमध्ये बदलून घ्याव्यात आणि 'जॉइन' करताना फझ डिस्टन्स विचारले जाते तिथे टोकांमधल्या फटीपेक्षा किंचित मोठे अंतर द्यावे. त्याआधी ओव्हरकिल चालवून एकमेकांवर बसलेल्या दुहेरी रेषा काढून टाकाव्यात, नाहीतर जोडणी भलत्याच रेषेशी होते.

उन्हाळ्यात वीज कधी जाईल ते सांगता येत नाही, म्हणून सेव्हटाइमही (किती मिनिटांनी आपोआप जतन व्हावे ते) पाहून ठेवावा. तो मुळात १० मिनिटांवर असतो, आमच्या प्रयोगशाळेत आम्ही ५ ठेवला आहे. वीज जाऊन काम गेले तर ऑटोकॅडच्या स्वयंजतन फाइलीचे विस्तारनाम एसव्ही-डॉलर असते, ते बदलून डीडब्ल्यूजी केले की ती उघडते. रेव्हिट आपणहून जतन करत नाही, फक्त आठवण देते. तेव्हा ती आठवण बाजूला सारू नये.

जोते, लातूर

सर्वांचे मनापासून आभार. तीन दिवस आम्ही हेच करून पाहत होतो.

एका चालू घराच्या नकाशात अल्टरनेट युनिट्स लावली. त्याआधी डिमरीअसोक चालवली तेव्हा चौदा मापे हाताने लिहिलेली निघाली, आणि त्यांपैकी दोन प्रत्यक्ष भिंतीशी जुळत नव्हती. त्यातले एक जिन्याच्या रुंदीचे होते. दुरुस्त प्रिंट त्याच दिवशी साइटवर नेऊन दिली आणि जुने कागद परत घेतले.

साइटवर मात्र एक नवा प्रश्न आला. नऊ इंची भिंतीच्या २३० मिलिमीटरखाली ९ इंच आणि एक सोळांश असे छापले गेले. आमच्या गवंडी मामांनी विचारले की सुताचा अर्धा भाग मी टेपवर कुठे पाहू. त्यांचे म्हणणे अगदी रास्त आहे. अचूकता किती ठेवावी? आणि कॉलमची मापे एका कोपऱ्यापासून देण्याची पद्धत रेव्हिटमध्येही आहे का?

गोदाकाठ, नांदेड

जिन्याचे माप वेळेत सापडले, हे वाचून फार बरे वाटले.

अल्टरनेट युनिट्सच्या पानावरच 'प्रिसिजन' आहे, ती एक अष्टमांश इंच ठेवा. एक अष्टमांश म्हणजे बरोबर एक सूत, त्यामुळे कागदावरचे प्रत्येक माप गवंड्याच्या टेपवर सापडते. २३० चे सरळ ९ इंच होतात आणि ११५ चे साडेचार. एक सोळांश ठेवल्याने अचूकता वाढल्यासारखी दिसते, पण विटेच्या कामात तेवढी अचूकता नसतेच.

ओळंबा, छत्रपती संभाजीनगर

रेव्हिटमध्येही ही सोय आहे. मापाच्या टाइप प्रॉपर्टीजमध्ये सर्वांत वर 'डायमेन्शन स्ट्रिंग टाइप' आहे. ते मुळात 'कंटिन्युअस' असते, ते 'बेसलाइन' किंवा 'ऑर्डिनेट' करा. कॉलमच्या नकाशासाठी मी ऑर्डिनेट (सगळी अंतरे एकाच ओळीत, एकाच आरंभापासून) वापरतो, कारण बेसलाइनमध्ये मापांच्या ओळी एकावर एक चढत जातात आणि बारा कॉलमच्या घराला कागद पुरत नाही. हे बदल करण्याआधी 'डुप्लिकेट' दाबून त्या प्रकाराला वेगळे नाव द्या, अन्यथा नकाशातली त्या प्रकारची सगळीच मापे बदलतील. त्याच यादीत खाली 'अल्टरनेट युनिट्स' आहे, तिथे 'बिलो' निवडले आणि त्याचे एकक फूट-इंच ठेवले की मीटरखाली फूट-इंच येतात. पूर्णांकन तिथेही एक अष्टमांश इंचावरच ठेवावे.